सोसायटीच्या लेटरहेडचं टेम्प्लेट : वर्ड आणि रायटरमध्ये सविस्तर कृती

बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांच्या ऑफिसात नवं पत्र एकाच पद्धतीने तयार होतं. मागच्या महिन्यातलं पत्र उघडायचं, ‘सेव्ह ॲज’ करायचं, जुना मजकूर खोडून नवा लिहायचा. वरचं लेटरहेड आयतं मिळतं म्हणून ही पद्धत सोयीची वाटते. पण लेटरहेडबरोबर जुना जावक क्रमांक येतो, जुनी तारीख येते, कधी दुसऱ्याच सभासदाचा फ्लॅट नंबर किंवा थकबाकीचा आकडाही मागे राहतो. थकबाकीच्या नोटिशीत असं झालं तर ज्याला नोटीस दिली तो सभासद पहिलं बोट तिथेच ठेवतो.

टेम्प्लेट, म्हणजे पत्राचा कोरा साचा, हवं ते यासाठी. दर वेळी पत्र कोरंच उघडलं पाहिजे, त्यात मागच्या पत्रातलं एक अक्षरही असता कामा नये, आणि जे भरायचं आहे ते रिकामं दिसलं पाहिजे. नुसतं सुंदर लेटरहेड फाइलमध्ये बसवून हे साधत नाही. इथे सोसायटीचं उदाहरण घेतलं आहे, पण शाळा, ट्रस्ट, वाचनालय किंवा छोटी कंपनी यांनाही हीच कृती चालेल.

लेटरहेडवर काय असावं

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हे कागदावर लिहून काढा. संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’सह. त्याखाली नोंदणी क्रमांक आणि वर्ष. मग पिनकोडसह पूर्ण पत्ता आणि संस्थेचा ईमेल. जीएसटी नोंदणी असेल तर तो १५ अक्षर-अंकी क्रमांक.

कंपनी असेल तर इथे मोकळीक नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार प्रत्येक व्यावसायिक पत्रावर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षर-अंकी सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ईमेल, आणि असल्यास फॅक्स व वेबसाइट हे छापावंच लागतं. कंपनीचं नाव गेल्या दोन वर्षांत बदललं असेल तर आधीचं नावही द्यावं लागतं.

दोन गोष्टी मी लेटरहेडवर घेऊच नका असं आग्रहाने सांगेन. पहिली, पदाधिकाऱ्यांची नावं. समितीची मुदत पाच वर्षांची असते, शिवाय मधल्या काळात राजीनामे होतात, खांदेपालट होते. नाव सहीच्या खाली यावं, तिथे ते भरायच्या जागेत असतं आणि बदलायला सोपं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे सचिवांचा खाजगी मोबाइल नंबर. पद सुटतं तरी पुढची कित्येक वर्षं लोक त्याच नंबरवर पाण्याच्या टाकीची तक्रार करत राहतात.

काही संस्था शोभेसाठी अशोकस्तंभाचं राजचिन्ह लावतात. ते चालत नाही. २००५ च्या कायद्याने राजचिन्हाच्या गैरवापरावर बंदी आहे.

बोधचिन्ह असेल तर त्याची मूळ फाइल ज्याने ते काढलं त्याच्याकडून मागवा. व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्र दाबून लहान झालेलं असतं आणि छापल्यावर कडा फाटलेल्या दिसतात. हिशेब सोपा आहे. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर २५ मिलीमीटर रुंद चिन्हाला साधारण ३०० पिक्सेल रुंदी पुरते. त्याच्या दुप्पट घेतली तर निश्चिंत.

फॉन्ट : मराठी लेटरहेड बिघडतं ते इथेच

जुन्या ऑफिसांमध्ये लेटरहेड अजूनही श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो, वरून फक्त देवनागरी रूप दिसतं. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे संस्थेचं नाव अगम्य अक्षरांची रांग होऊन बसतं, आणि मराठीत शोध घेतला तर ते सापडत नाही. असा मजकूर चिकटवू नका. संस्थेचं नाव आणि पत्ता मिळून चार ओळींचाच मामला आहे, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर देवनागरी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, नव्याने टाइप करा आणि प्रमाणपत्राशी ताडून पाहा.

युनिकोड म्हटलं की अनेकजण ‘मंगल’ निवडून मोकळे होतात. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट प्रत्येक कॉम्प्युटरवर आपोआप येत नाहीत, ते वेगळे बसवावे लागतात. ‘निर्मला यूआय’ मात्र असतोच. जास्त देखणा पर्याय हवा असेल तर ‘मुक्त’, ‘नोटो सेरिफ देवनागरी’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ हे फॉन्ट फुकट मिळतात आणि कुणालाही वापरता येतात. पत्रं लिहिणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तो फॉन्ट बसवा, एवढंच पथ्य.

फॉन्ट पक्का करण्याआधी हे शब्द त्यात टाइप करून बघा : ॲड., सुऱ्या, दुसऱ्याच्या, श्री, लक्ष्मी, शुल्क. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकट दिसू शकते. ‘दुसऱ्या’तला आडवा रफार तुटत असेल तर तो फॉन्ट सोडून द्या. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर घाई करू नका. नोटोसारख्या काही फॉन्टमध्ये मराठी वळण आत असतं, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी लावल्याशिवाय ते बाहेर येत नाही. टिरोच्या मराठी आवृत्तीत ते मुळातच आहे.

वर्डमध्ये

१. कोरं डॉक्युमेंट उघडा. ‘लेआउट’मध्ये ‘साइझ’ तपासा. तिथे ‘लेटर’ असेल तर ‘ए फोर’ करा. आपला कागद २१० बाय २९७ मिलीमीटरचा, अमेरिकी ‘लेटर’ रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला १८ मिलीमीटर कमी. ही एक गोष्ट राहिली की पानाच्या तळाशी असलेला पत्ता दर प्रिंटला वेगळ्या ठिकाणी सरकतो. समास डावीकडे अडीच सेंटीमीटर ठेवा, कारण पत्र पंच करून फाइलला लागतं. उजवीकडे आणि खाली दोन, वर अडीच पुरेत. वरच्या समासाची चिंता नको, लेटरहेड उंच झालं की वर्ड मजकूर आपोआप खाली ढकलतो.

२. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेज’ इथे मराठी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मग ‘होम’वरच्या स्टाइल्समध्ये ‘नॉर्मल’वर राइट क्लिक, ‘मॉडिफाय’, खाली ‘फॉरमॅट’, त्यात ‘फॉन्ट’. इथे दोन कप्पे दिसतील, एक लॅटिन मजकुराचा आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा. देवनागरी दुसऱ्या कप्प्याचं ऐकते. फॉन्ट, आकार, ठळकपणा हे सगळं तिथे वेगळं लावावं लागतं. पहिल्याच कप्प्यात आकार वाढवून ‘मराठी मोठी होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्याचं कारण हेच. मजकुराला १२ किंवा १३ पॉइंट ठेवा.

त्याच ‘फॉरमॅट’मधून ‘पॅराग्राफ’मध्ये जा आणि ओळींतलं अंतर ‘मल्टिपल’ १.१५ करा. ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय टाळा. त्यात वरच्या मात्रा, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात.

३. पानाच्या वरच्या भागावर डबल क्लिक करून हेडर उघडा आणि सगळ्यात आधी ‘डिफरंट फर्स्ट पेज’वर खूण करा. पूर्ण लेटरहेड पहिल्याच पानावर हवं. तीन पानी पत्रात तीनदा चिन्ह आणि पत्ता आला की कागद वाया जातो आणि पत्र जाहिरातीसारखं दिसतं.

४. हेडरमध्ये एक ओळ आणि दोन रकान्यांचं टेबल घाला. डाव्या रकान्यात चिन्ह, उजव्या रकान्यात नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता. टेबलाच्या ‘ऑटोफिट’मध्ये ‘फिक्स्ड कॉलम विड्थ’ निवडा, म्हणजे रकाने सरकणार नाहीत. चित्र ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. स्पेसबार आणि टॅब दाबत नाव मध्यभागी आणण्याचा खटाटोप नको, फॉन्ट बदलला की ते सगळं ढासळतं. टेबलाच्या सगळ्या रेषा काढा, फक्त खालची एक ठेवा. लेटरहेडखालची रेघ तीच. टेबलानंतर एक रिकामी ओळ उरतेच, ती पुसता येत नाही. तिचा आकार २ पॉइंट करा, नाहीतर उगाच जागा खाते.

मजकुरात परत आल्यावर लेटरहेड फिकट दिसेल. घाबरू नका, प्रिंट पूर्ण गडद येते.

५. कंट्रोल आणि एंटर दाबून तात्पुरतं दुसरं पान काढा. त्याच्या हेडरमध्ये लहान अक्षरांत फक्त संस्थेचं नाव आणि पान क्रमांक घाला. तळाकडे इथे बरेचजण फसतात. ‘डिफरंट फर्स्ट पेज’ फुटरलाही लागू होतो, त्यामुळे पहिल्या पानाचा फुटर आणि पुढच्या पानांचा फुटर असे दोन वेगळे भरावे लागतात. काम झालं की तात्पुरतं पान पुसून टाका, त्याचा हेडर वर्डच्या लक्षात राहतो.

६. आता पत्राचा सांगाडा. मराठी पत्रव्यवहाराचा क्रम ठरलेला आहे : डावीकडे जा.क्र., उजवीकडे दिनांक, मग प्रति, विषय, संदर्भ, महोदय/महोदया, मजकूर, आपला विश्वासू, सहीची जागा, नाव, पद, शेवटी सोबत आणि प्रत माहितीसाठी. जे शब्द दर पत्रात तेच राहतात ते साधे टाइप करा. जे बदलतं तिथे भरायची जागा हवी.

त्यासाठी ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’मध्ये ‘डेव्हलपर’वर खूण करा. त्या टॅबवर ‘प्लेन टेक्स्ट कंटेंट कंट्रोल’ मिळेल. जावक क्रमांक, नाव-पत्ता, संदर्भ यांच्या जागी एकेक ठेवा. ‘डिझाइन मोड’ लावून आतला इंग्रजी मजकूर बदला आणि ‘जावक क्रमांक लिहा’, ‘सभासदाचं नाव व फ्लॅट क्रमांक लिहा’ अशा सूचना मराठीत घाला. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कंटेंट कंट्रोल कॅनॉट बी डिलीटेड’वर खूण केली की चुकून ती जागाच पुसली जाणं थांबतं. पत्त्याच्या जागेला एकापेक्षा जास्त ओळींची परवानगी तिथेच द्या.

विषयासाठी वेगळी युक्ती आहे. ‘इन्सर्ट’, ‘क्विक पार्ट्स’, ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टी’मधून ‘सब्जेक्ट’ घ्या. तोच दुसऱ्या पानाच्या हेडरमध्येही घाला. विषय एकदा लिहिला की तिकडे आपोआप उमटतो, आणि पत्राची पानं सुटी झाली तरी कुठलं पान कुठल्या पत्राचं ते कळतं.

७. तारखेबद्दल जरा थांबून सांगतो. ‘इन्सर्ट’मधून ‘डेट अँड टाइम’ घेऊन ‘अपडेट ऑटोमॅटिकली’वर खूण करणं फार मोहाचं असतं. करू नका. तशी तारीख फाइल पुन्हा उघडली की आजची होते. मार्चमध्ये पाठवलेली नोटीस ऑगस्टमध्ये उघडून छापली तर तिच्यावर ऑगस्टची तारीख येईल, आणि ऑफिस प्रत व सभासदाकडची प्रत जुळणार नाही. पत्र तयार झाल्याचा दिवस आपोआप घेणंही मला पटत नाही. मसुदा सोमवारी होतो, सचिवांची सही गुरुवारी होते, पत्र जातं शुक्रवारी. पत्रावर तीच तारीख हवी जी जावक नोंदवहीत आहे. म्हणून ‘डेट पिकर’ कंट्रोल ठेवा, त्याची भाषा मराठी करा आणि पत्र पाठवतानाच तारीख निवडा.

८. ‘फाइल’, ‘सेव्ह ॲज’, आणि प्रकारात ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडा. वर्ड स्वतःच ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ या फोल्डरकडे नेतो, तिथेच ठेवा. यानंतर ‘फाइल’, ‘न्यू’, ‘पर्सनल’ इथे ते दिसेल. तिथून उघडलं की दर वेळी नाव नसलेलं नवं पत्र मिळतं आणि मूळ टेम्प्लेट सुरक्षित राहतं. फोल्डरमध्ये जाऊन त्या फाइलवर डबल क्लिक केलं तरी नवं पत्रच उघडतं. टेम्प्लेटमध्येच बदल करायचा असेल तेव्हा तेवढं ‘फाइल’, ‘ओपन’मधून उघडा.

ऑफिसात दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर प्रत्येकाकडे वेगळी प्रत ठेवू नका, सहा महिन्यांत तीन वेगवेगळी लेटरहेड होतात. सामायिक फोल्डरमध्ये एक प्रत ठेवा आणि ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘फाइल लोकेशन्स’मध्ये ‘वर्कग्रुप टेम्प्लेट्स’ला तो रस्ता दाखवा.

लिब्रे ऑफिस रायटरमध्ये

रायटर फुकट आहे, मराठीसाठी उत्तम चालतो, आणि छोट्या संस्थेने दर वर्षी पैसे भरण्यापेक्षा तो वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून तिथे मराठी निवडा. त्यानंतर स्टाइलच्या फॉन्ट खिडकीत देवनागरीचा कप्पा स्वतंत्र दिसतो.

रायटरची ताकद पानांच्या स्टाइलमध्ये आहे. एफ ११ दाबा, पेज स्टाइल्सची यादी उघडा, पहिल्या पानावर कर्सर ठेवून ‘फर्स्ट पेज’वर डबल क्लिक करा. या स्टाइलनंतर आपोआप ‘डिफॉल्ट पेज स्टाइल’ लागते. दोन्हींचे समास, हेडर आणि फुटर पूर्ण स्वतंत्र असतात, त्यामुळे पहिल्या पानाला मोठं लेटरहेड आणि पुढच्यांना बारीक ओळ देणं इथे वर्डपेक्षा स्वच्छ जमतं. दोन्ही स्टाइलमध्ये कागद ए फोर आहे ना ते पाहा. हेडरमधल्या टेबलाची कृती वर सांगितली तीच.

भरायच्या जागांसाठी कंट्रोल आणि एफ २ दाबा, ‘फंक्शन्स’ टॅबवर ‘प्लेसहोल्डर’ घ्या, प्रकार ‘टेक्स्ट’, आणि सूचना मराठीत लिहा. पत्रात त्यावर क्लिक करून टाइप केलं की सूचना निघून जाते. तारखेसाठीही हाच वापरा.

साठवायला ‘फाइल’, ‘टेम्प्लेट्स’, ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’, आणि ‘माय टेम्प्लेट्स’ हा गट. तिथे असलेला ‘डिफॉल्ट टेम्प्लेट’चा पर्याय सोडून द्या, नाहीतर किराण्याची यादी करायला उघडलेल्या पानावरही सोसायटीचं नाव येईल. पुढे नवं पत्र हवं तेव्हा कंट्रोल, शिफ्ट, एन.

काहीजण वर्ड वापरतात आणि काहीजण रायटर, अशी स्थिती असेल तर दोन्हींसाठी वेगळी टेम्प्लेटं करा. एकातलं दुसऱ्यात उघडतं, पण टेबलाची रुंदी आणि भरायच्या जागा हमखास थोड्या हलतात.

छापून घेतलेला कागद असेल तर

प्रेसमधून रंगीत लेटरहेड छापून आणलेलं असतं, त्याचा गठ्ठा कपाटात असतो. त्यासाठी दुसरं टेम्प्लेट हवं. पट्टीने कागदाच्या वरच्या कडेपासून लेटरहेडच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून हेडर कडेपासून जिथे सुरू होतो ते अंतर वजा करा. मग पहिल्या पानाच्या हेडरमध्ये एका रकान्याचं, रेषा नसलेलं टेबल घालून त्याच्या ओळीची उंची उरलेल्या अंतराएवढी ‘एक्झॅक्टली’ ठरवा. दोन ट्रेचा प्रिंटर असेल तर ‘पेज सेटअप’च्या ‘पेपर’ टॅबवर पहिलं पान एका ट्रेमधून आणि बाकीची साध्या कागदाच्या ट्रेमधून काढता येतात. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, तो सगळी मापं थोडी आकसतो.

ईमेलने पाठवायच्या पत्राला मात्र चित्रासह असलेलं पहिलंच टेम्प्लेट वापरा, आणि पत्र नेहमी पीडीएफ करूनच पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, समोरच्याकडे तो नसला तरी बिघडत नाही.

सही आणि शिक्का टेम्प्लेटमध्ये ठेवू नका

सोयीसाठी सचिवांच्या सहीचं आणि गोल शिक्क्याचं चित्र टेम्प्लेटमध्ये टाकून ठेवण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ही फाइल ज्याच्या हाती लागेल तो संस्थेच्या नावाने ना हरकत प्रमाणपत्र काढू शकतो. फ्लॅटची विक्री, कर्ज, भाडेकरार, सगळीकडे अशा पत्रांना किंमत असते. सहीसाठी तीन ओळींची मोकळी जागा सोडा, सही पेनाने होऊ द्या. शक्य असेल तर महत्त्वाच्या पत्रांना डिजिटल सही वापरा.

वापरात आणण्याआधी

खरं वाटावं असं तीन पानी पत्र तयार करा. विषय मुद्दाम दोन ओळींचा घ्या, पत्ता सहा ओळींचा. दुसऱ्या पानाचा हेडर बरोबर येतो का, सहीची जागा एकटीच तिसऱ्या पानावर जाते का ते बघा. जात असेल तर ‘आपला विश्वासू’पासून पदापर्यंतच्या ओळींना ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा. मग तीच फाइल अशा कॉम्प्युटरवर उघडा जिथे तुमचा फॉन्ट नाही.

प्रिंट काढा आणि त्या प्रिंटची झेरॉक्स काढा. महापालिकेत, वीज कार्यालयात, उपनिबंधकांकडे आपण पत्राच्या झेरॉक्सवरच पोच घेतो. फिकट निळा पत्ता किंवा करड्या रंगाचा नोंदणी क्रमांक झेरॉक्समध्ये नाहीसा होतो. अक्षरं काळी किंवा अगदी गडद ठेवा. आवक शिक्का मारायला लेटरहेडच्या खाली, तारखेच्या आसपास बोटभर रिकामी जागा राहते का तेही पाहा. जागा नसेल तर क्लार्क शिक्का मजकुरावर मारतो आणि नेमका आकडा झाकला जातो.

टेम्प्लेट दुसऱ्याच्या हाती देण्याआधी वर्डमध्ये ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा. जुन्या पत्रावरून टेम्प्लेट बनवलं असेल तर आत जुने शेरे, लेखकाचं नाव वगैरे दडलेलं असतं. तपासणीत हेडर-फुटरही सापडल्याचं दाखवेल, तिथलं ‘रिमूव्ह ऑल’ दाबू नका, लेटरहेडच जाईल.

बदल झाला की

ईमेल बदलला, जीएसटी क्रमांक मिळाला, तर टेम्प्लेट उघडून बदल करा आणि फाइलच्या नावात महिना-वर्ष घाला. आधीचं टेम्प्लेट ‘जुनी’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे यादीत एकच दिसेल आणि चुकीचं उचललं जाणार नाही. याआधी लिहिलेल्या पत्रांचं लेटरहेड यामुळे बदलत नाही, कारण हेडर प्रत्येक पत्रात कॉपी होऊन बसलेला असतो. ते तसंच राहू द्या. पाठवलेलं पत्र ज्या लेटरहेडवर गेलं त्याच लेटरहेडवर दप्तरात असायला हवं.

नवीन समिती येते तेव्हा दप्तराच्या हस्तांतर यादीत नोंदवह्या, पासबुकं आणि शिक्क्यांबरोबर टेम्प्लेटची फाइल आणि फॉन्टची फाइल यांचीही एक ओळ घाला.